झोपलेलं लेकरू उठवू नये

आमच्याकडं जमिनीतून आवाज येतो. कधी वर्षातून दोनदा, कधी लागोपाठ दोन महिने, कधी आपण विसरून गेलो की मगच. एकच मोठा धडाम होतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागतात आणि मग इतकी शांतता पसरते की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात. माणसं दारात येऊन एकमेकांकडं बघतात. कुणी म्हणतं विमान गेलं, कुणी म्हणतं खाणीत सुरुंग लावला. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर खबर फिरते की भूकंपाची नोंद कुठंच नाही, नागरिकांनी घाबरू नये. धाराशिवात राहायचं तर या आवाजाला घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखं धरून चालावं लागतं. दचकायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

मला मात्र ते कधी जमलं नाही, कारण माझं कामच लेकरांचं.

गावाच्या कडेला, येडशीच्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. मागं दोन पक्क्या खोल्या आणि पुढं पत्र्याची लांबलचक ओसरी. त्या ओसरीत माझं पाळणाघर चालतं. दारावर पाटी नाही, भिंतीवर रंगवलेले हत्ती-ससे नाहीत, तरी बारा वर्षांत ओसरी कधी रिकामी राहिली नाही. सतरंजीवर झोपणारी सहा लेकरं आणि मागच्या खोलीत झोळीतलं एक. शिक्षकांची, दवाखान्यात कामाला जाणाऱ्यांची, कचेरीतल्या बायकांची. ती मला मावशी म्हणतात, आणि त्यांचे आईबापही मावशीच म्हणतात. त्यातले दोघंतिघं माझ्याहून वयानं मोठे आहेत, पण मी कधी हरकत घेतली नाही.

दुपारी दोन वाजता या घराचं रूप बदलतं. जेवणं झालेली असतात, तोंडं पुसून झालेली असतात, भांडणं मिटलेली किंवा अर्धवट राहिलेली असतात. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत. त्यातून उन्हाचे कवडसे खाली पडतात, आणि लेकरं झोपली की हे कवडसे त्यांच्या अंगावरून चालायला लागतात. आधी पायाच्या अंगठ्यावर, मग गुडघ्यावर, मग पोटावर. पोटाबरोबर कवडसा वरखाली होतो. तो सगळ्यात मोठ्या पोरीच्या पापणीपाशी पोचला की चार वाजतात आणि ती उठून बसते. मी घड्याळ बघायचं कधीच सोडून दिलंय. भिंतीला टेकून मी त्या कवडशांकडं बघत बसते. झोप आणि जाग यांच्यामधल्या उंबऱ्यावर बसल्यासारखं वाटतं. या दोन तासांसाठी मी हे काम करते, असं मी एकदा घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं. ते म्हणाले, "मंग बाकीचे आठ तास कशाला करालीस?" ते रिक्षा चालवतात. त्यांना स्वप्नात राहून चालत नाही.

झोळीतलं लेकरू कंडक्टरबाईंचं. बाई एसटीत वाहक, तेरच्या गाडीवर. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, आठ-पंधरा दिवसांनी येणारा. सासू परंड्याकडं, सोनारीच्या जवळच्या खेड्यात शेत सोडून न येणारी. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सासूनं निरोप धाडला होता की लेकराची एवढीशी जरी आबाळ झाली तरी नोकरी सोडून गावाकडं यायचं. बाईंनी ते मान्य केलं होतं. म्हणजे त्यांची खाकी साडी, तिकिटाचं मशीन, भरल्या गाडीत तोल सांभाळत चालायची ती ऐट, हे सगळं माझ्या मागच्या खोलीतल्या झोळीला टांगलेलं होतं. पहिल्या दिवशी हे सांगताना त्या हसल्या होत्या. मी हसले नव्हते.

पहाटे साडेपाचला त्या लेकरू आणून द्यायच्या. सात महिन्यांची पोर, आईच्या घाईपायी चारपासून जागी. त्यामुळं दुपारची झोप हीच तिची खरी झोप. बाईंनी माझ्याकडं एकच मागणं मागितलं होतं.

"मावशी, बाकी तुमच्या मनाचं करा. निस्तं तिला झोपंतनं उठवू नका."

सांगायची गरजच नव्हती. झोपलेलं लेकरू उठवू नये, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. तान्हं लेकरू झोपेत हसतं तेव्हा सटवाई त्याच्याशी खेळत असते. पाचव्या रात्री कपाळावर लिहून गेलेली ती, अधूनमधून येऊन आपलं लिहिलेलं बघून जाते म्हणे. अशा वेळी लेकराला हलवलं तर खेळ मोडतो आणि लेकरू दिवसभर किरकिर करतं. मी शिकलेली आहे, बारावीपर्यंत. तरीही झोळीच्या फटीतून ती पोर हसताना दिसली की मी पाय न वाजवता मागं सरायची. दोघींच्या मधे कशाला जा.

आता माझ्या भीतीविषयी सांगते. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या भागात मोठा भूकंप झाला. आमचं गाव वाचलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस लहान लहान धक्के यायचे. असाच एक धक्का भर दुपारी आला. आई चुलीपाशी भाकरी करत होती. ती धावत अंगणात आली, आणि तिच्या हातात भाकरीची दुरडी होती. माझा धाकटा भाऊ आत पाळण्यात राहिला होता. शेजारच्या काकूनं त्याला उचलून आणलं. कुणाला काही झालं नाही, म्हणून लोकांना हसायची मुभा मिळाली. पुढं कितीतरी वर्षं, लग्नात म्हणू नका, बारशात म्हणू नका, कुणीतरी आईला विचारायचंच, "काय मंग, दुरडी सुखरूप हाय का?" सगळे हसायचे. मीही हसायची. जरा जास्तच हसायची.

म्हणून पाळणाघर काढलं तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या घरात दुरडीचा प्रकार होणार नाही. दोन वर्षांपूर्वी गावातच घरी लेकरं सांभाळणाऱ्या बायकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. त्यात एका तरुण मॅडमनं छान समजावलं. दाराकडं जायची वाट मोकळी ठेवा, उंचावरचं जड सामान खाली आणा, आईबापांचे नंबर भिंतीवर लिहा, बाहेर जमायची एक जागा ठरवा आणि पुन्हा पुन्हा सराव करा. "ऐनवेळी मन घाबरतं," त्या म्हणाल्या होत्या, "हात घाबरत नाहीत. हाताला सवय लावा." मला ते इतकं पटलं की येताना रिक्षात मी हाताची बोटं मोजत बसले होते.

घरी आल्यावर मी पहिलं काम काढलं ते पत्र्यावरच्या दगडांचं. वावधानात पत्रे उडू नयेत म्हणून आमच्याकडं वर दगड ठेवायची रीत आहे. भूकंपात हेच दगड खाली येणार. घरच्यांच्या मागं लागून मी ते सगळे उतरवले आणि पत्रे हुकांनी घट्ट करून घेतले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापूस, पट्ट्या, मीठ-साखरेची पुडी, बॅटरी आणि शिट्टी भरली. जुन्या लुगड्याची जाड वेणी घालून दोर केला, त्याला सहा फास ठेवले, प्रत्येक फासाला वेगळ्या रंगाची चिंधी. ज्याची त्यानं धरायची. आणि सगळ्यांना कळेल अशी खूण म्हणून माझ्या जन्माच्या वेळी वाजवलेली काशाची थाळी ओसरीतल्या खिळ्याला टांगली. आमच्याकडं लेकरू जन्मलं की त्याच्या कानाशी थाळी वाजवतात, पुढं ते कशाला दचकू नये म्हणून. मी सगळ्यालाच दचकते, तेव्हा ती थाळी माझ्यावर फुकटच गेली.

दर शनिवारी सराव. लाटण्यानं थाळी वाजवायची, लेकरांनी आपापली चिंधी धरायची, आणि रांगेनं समोरच्या कडुलिंबाखाली जायचं. लिंब समोरच्या किराणा दुकानाच्या दारात आहे. दुकान अण्णांचं. अण्णा म्हणजे सत्तरीचे, गळ्यात लिंग, घरात कन्नड आणि गल्लीत मराठी बोलणारे. मला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. त्यांनी हा सराव आपलाच करून टाकला. लेकरं लिंबाखाली पोचली की ते बरणी उघडून प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे ठेवायचे. मग सराव इतका अंगवळणी पडला की एकदा घरच्यांच्या हातातलं ताट खाली पडलं तर सहाही लेकरं जेवण सोडून अनवाणी लिंबाखाली जाऊन उभी राहिली. गूळ द्यावाच लागला. घरचे म्हणाले, "लेकरं सांभाळालीस का पलटण?" त्यांना हसू आलं होतं, मला अभिमान वाटला होता.

राहिला प्रश्न झोळीचा. सराव दुपारचा, आणि दुपारी ती पोर झोपलेली. मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं की थाळीनं ती उठत नसे, तिच्या जन्माची थाळी बहुतेक नीट वाजली होती. पण उचललं तर उठणार. नुसत्या सरावासाठी झोपलेलं लेकरू कोण उठवणार? मग मी एक उशी घेतली, तिच्याएवढीच, कापसानं गच्च भरलेली. ती गुलाबी दुपट्यात गुंडाळली आणि झोळीशेजारच्या खाटेवर ठेवली. थाळी वाजवायची, आत जायचं, उशी उचलायची, खांद्याशी धरायची, बाहेर यायचं आणि लिंबाखाली मोजायचं. दोरावर सहा, खांद्यावर सात. लेकरांना ही उशी फार आवडायची. ती तिला "शनिवारचं बाळ" म्हणायची आणि गुळातला कण तिच्याही तोंडाला लावायची. मी कधी एक शनिवार चुकवला नाही. हाताला अगदी पक्की सवय लागली.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. ऊन कोवळं होतं, हवेत शेतातल्या हुरड्याचा वास होता. लेकरं झोपली होती. कवडसे पोटांवर आले होते. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझा डोळा लागला होता. पुरता नाही. मला लेकरं दिसत होती, पण ती नदीच्या तळाशी झोपल्यासारखी दिसत होती आणि कवडसे त्यांच्यावरून माशांसारखे फिरत होते. मी स्वप्नात कुणालातरी सांगत होते की आवाज करू नका.

तेवढ्यात आवाज झाला.

आजवर ऐकलेल्या सगळ्या आवाजांपेक्षा तो मोठा होता. तो कानाला नाही, बसल्या जागी पाठीच्या कण्याला ऐकू आला. पत्रा वाजला. मांडणी वाजली. आणि खिळ्यावरची थाळी निसटून फरशीवर पडली आणि वाजत वाजत गोल फिरत राहिली. मी काही म्हणायच्या आत लेकरं उठली होती. डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले, आणि तरी एकेक जण आपली चिंधी शोधून धरत होतं. कुणी रडलं नाही. मी उठले. दार उघडून आत गेले, उचललं, खांद्याशी धरलं, बाहेर आले. पाय कुणाचे होते मला कळत नव्हतं. सगळं इतकं मऊ, इतकं न अडखळता झालं की अजूनही मी स्वप्नातच आहे असं वाटत होतं. गल्ली ओलांडली. लिंबाखाली पोचलो. अण्णा बरणी न घेता नुसतेच उभे होते, त्यांचे ओठ हलत होते.

मी मोजलं. दोरावर सहा. खांद्यावर सात.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती, आनंद झाला होता. गल्लीतल्या बायका ओरडत बाहेर पळत होत्या, कुणी चपला शोधत होतं, कुणी परत आत जात होतं, आणि माझी पलटण रांगेत उभी होती. मी खांद्यावरच्या बाळाला थोपटत होते. माझ्या मनात आईची दुरडी आली. मी मनातल्या मनात म्हटलं, बघ, असं असतं.

सगळ्यात मोठी पोर, पाच वर्षांची, दोराच्या पुढच्या टोकाला उभी होती. तिनं माझ्या लुगड्याचा पदर ओढला. ती घाबरलेली नव्हती. मावशीला माहीत असेलच, असाच तिचा आवाज होता.

"मावशी, आज शनिवार न्हाय. खरं बाळ आत हाय."

मी खांद्याकडं बघितलं. गुलाबी दुपटं, त्यात उशी, आणि तिच्या पाठीवर थोपटणारा माझा हात. तो हात थांबलासुद्धा नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझं उलटं झालं होतं. कळसा काखेत आहे या भरवशावर मी गाव ओलांडून आले होते, आणि कळसा घरातच होता.

मी धावले ते मला आठवत नाही. दारातलं आठवतं. मागच्या खोलीत धुकं होतं. पांढरं, शांत, खाली उतरणारं. वरच्या फळीवरचा पिठाचा डबा पडला होता. जोंधळ्याचं पीठ, भरलेला डबा. पत्र्यावरचे दगड उतरवून घेणारी मी, उंदरांच्या भीतीनं तो पितळी डबा मात्र वर तसाच ठेवला होता. झोळीपासून तो हातभर अंतरावर पडला होता. फरशीचा टवका उडाला होता. आणि झोळी हलत होती, कुणी नुकताच झोका देऊन बाहेर गेल्यासारखी. पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात पीठ तरंगत होतं आणि त्यातून झोळी हळूहळू इकडून तिकडं जात होती.

मी झोळीचा काठ बाजूला केला. तिच्या पापण्यांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. ती झोपलेली होती आणि झोपेत हसत होती.

आणि आता जे सांगते ते मला आजही सांगवत नाही. तेव्हाही माझा हात थांबला. एका श्वासापुरता का होईना, पण थांबला. झोपलंय लेकरू, असं माझ्या मनात आलं.

मग मी तिला उचललं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि शिंकली. रडले ती मी.

बाहेर आल्यावर दुसरा आवाज झाला नाही. अर्ध्या तासात गल्ली आपापल्या कामाला लागली. अण्णांनी नेहमीसारखा गूळ वाटला, आणि मला जवळ बोलावून हलक्या आवाजात म्हणाले की लेकरू सुखरूप आहे, देवानं राखलं, आता याचा बोभाटा करू नको. घरचे रिक्षा घेऊन धावत आले होते. त्यांचंही तेच मत पडलं. त्यांनी तर सरळच सांगितलं, "तू सांगशील, ती बाई गावाकडं सासूला कळवंल, आन् तिची नोकरी जाईल. तुझ्या खरं बोलण्यापायी." यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून मला त्यांचा राग आला.

मी पीठ झाडत बसले. सूप, केरसुणी, ओलं फडकं. झाडता झाडता मला आई आठवली. लोक दुरडीवरून हसायचे तेव्हा ती काय करायची, हे मी आठवायचा प्रयत्न केला. ती उठून आत जायची. पाणी आणायला, चहा टाकायला, काहीतरी निमित्त काढून जायची. इतक्या वर्षांत ती एकदाही हसली नव्हती, आणि मला ते आता, तिला जाऊन सहा वर्षं झाल्यावर, पीठ भरताना कळलं. तिची माफी मागायची राहून गेली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी कंडक्टरबाई आल्या. तेरला आवाज नुसता भिंतीआडून आल्यासारखा ऐकू आला म्हणाल्या, गाडीत तर कुणाला कळलाच नाही. मी आधी लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. मग उशी आणून शेजारी ठेवली, आणि सगळं सांगितलं. थाळीपासून डब्यापर्यंत. हात थांबला तेही. घरचे दारात उभे होते, ते अंगणात निघून गेले.

बाईंनी लेकराच्या कानामागं बोट फिरवलं. तिथं थोडं पीठ राहिलं होतं, माझ्याकडून पुसायचं राहिलेलं. ते बोटावर घेऊन त्या बघत राहिल्या. मग त्यांनी उशी उचलली. एका हातावर लेकरू, दुसऱ्या हातावर उशी.

"वजन बी तेवढंच हाय," त्या म्हणाल्या.

मग लेकरू आणि उशी दोन्ही घेऊन त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दार वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी झोळी उतरवली नाही. दुपारी वाऱ्यानं ती रिकामीच हलायची आणि मी तिच्याखाली बसून राहायची. लेकरांनी विचारलं की बाळ कुठं गेलं, तर मोठीनंच त्यांना सांगितलं की ते गावाला गेलं. मला तर खात्रीच होती. खाकी साडी ट्रंकेत गेली असणार, मशीन जमा झालं असणार, आणि तेरच्या गाडीवर दुसरं कुणी घंटी मारत असणार. खरं बोलून मी माझं मन हलकं केलं आणि भार दुसरीच्या डोक्यावर टाकला, असं वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी बाई आल्या. साध्या साडीत, कडेवर लेकरू. निरोप घ्यायला आल्या असं मी धरून चालले. पण त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या. आधी वर बघितलं. फळी रिकामी होती, मी खालीच आणून टाकलं होतं सगळं. खाटही रिकामी होती. मग त्यांनी लेकराला झोळीत घातलं आणि झोका देत उभ्या राहिल्या. बोलल्या थोडंच. रजा घेतली होती. विचार केला होता. गावाकडं काही कळवलं नव्हतं. उशी उसवून टाकली होती, तिचा कापूस शेजारणीनं वातींसाठी नेला. दुपटं तेवढं धुऊन परत आणलं होतं.

"तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून आले. पर एक काम हाय."

आम्ही दोघी झोळीपाशी बसलो. बऱ्याच वेळानं तिचे हातपाय सैल पडले. आणखी थोड्या वेळानं झोळीच्या फटीतून दिसलं, ती हसली. आम्ही दोघींनीही श्वास धरला. आपोआपच.

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"आता वाजवा थाळी."

"झोपलीय ती. हसतीय."

"म्हणून तर. वाजवा."

मी थाळी वाजवली. लेकरं उठली, चिंध्या धरल्या, निघाली. मी आत गेले. हात सवयीनं आधी खाटेकडं गेला. मग झोळीकडं गेला. मी तिला उचललं, हसू मोडलं, आणि तिनं जो टाहो फोडला तो अण्णांच्या दुकानात उभ्या गिऱ्हाइकानंही ऐकला असेल. गल्ली ओलांडली. बाई मागून येत होत्या, पण जवळ आल्या नाहीत. दारातच थांबल्या. लिंबाखाली मी मोजायला लागले आणि सहावर अडखळले.

बाई तिथूनच म्हणाल्या, "सात म्हणा, मावशी."

ती पोर आता दीड वर्षाची झालीय. झोळी सुटली, ती सतरंजीच्या कडेला झोपते, आणि पत्र्यातला कवडसा तिच्या पोटावरून सगळ्यात शेवटी जातो. शनिवार मी अजून चुकवत नाही. बाकीची लेकरं थाळीला उठतात, ती उठत नाही. तिला मला उठवावं लागतं आणि दर वेळी माझा हात एक श्वास थांबतो. सटवाईची मी मनात माफी मागते आणि उचलते. लिंबाखाली अण्णा बरणी घेऊन उभे असतात. सहापर्यंत मी डोळ्यांनी मोजते. मग थांबते. ती माझ्या खांद्यावर उन्हाकडं बघून डोळे बारीक करते, ओठ वाकडे करते आणि गल्ली दुमदुमेल अशी रडायला लागते.

मग मी सात म्हणते.